इन्स्टॉलर काय काय विचारतो

माझ्या विसाव्या वर्षी मी काय केलं असं कुणी विचारलं, तर मी सांगते, इन्स्टॉलर बघितले. लोक हसतात. त्यांना वाटतं, ही नेहमीसारखं तिरकं बोलते आहे. पण ते खरंच आहे. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर कॉम्प्युटरवर विंडोज असतं तसं लिनक्स नावाचंही एक असतं आणि ते एक नसून त्याची पुष्कळ घराणी आहेत. प्रत्येक घराण्याची सीडी वेगळी. सीडी घालून मशीन चालू केलं की आपल्याला एकेक प्रश्न विचारत ते सगळं मशीनवर बसवून देणारा एक कार्यक्रम सुरू होतो, तो इन्स्टॉलर. भाषा कोणती, गाव कोणतं, कळफलक कसला, नाव काय, पासवर्ड काय. आपण उत्तरं द्यायची, निळी पट्टी सरकत जाते ती बघत बसायचं, शेवटी मशीन बंद होऊन पुन्हा चालू होतं आणि समोर एक कोरी, स्वच्छ, कुणीच न वापरलेली जागा असते. मग ती मी दोन-तीन दिवस वापरायचे आणि दुसरी सीडी घालायचे. त्या वर्षी मला तेवढंच झेपत होतं.

त्या वर्षी आई गेली होती. ताप आला, मग कावीळ म्हणाले, मग मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले आणि तिथून ती घरी आली नाही. याहून जास्त मी याबद्दल लिहिणार नाही, कारण याहून जास्त मला आठवत नाही. दवाखान्याच्या कँटीनमधल्या चहाला वेलची जास्त होती हे आठवतं.

आम्ही थेरगावात डांगे चौकाच्या अलीकडे आक्कांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचो. आक्का म्हणजे आमच्या घरमालकीण, मूळच्या गावातल्या. त्यांची शेती कधीच बिल्डिंगांखाली गेली होती, पण म्हशीचं दूध काढायची वेळ झाली की त्या अजूनही उठून बसायच्या. वडील, म्हणजे आप्पा, लातूरकडून आलेले, चाकणच्या एका कंपनीत प्रेसवर होते. प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याचा गाडीचा भाग करणारं यंत्र. आणि कॉम्प्युटर आमच्या घरात आला तो माझ्यासाठी नव्हे, आईसाठी आला. खिडकीत तिनं पाटी लावली होती, मराठी टायपिंग करून मिळेल. मुलामुलींचे लग्नाचे बायोडाटा, सत्यनारायणाची आमंत्रणं, सोसायट्यांच्या सूचना, बचत गटांचे ठराव, गणेशमंडळांच्या कार्यक्रमपत्रिका, असं सगळं तिच्याकडे यायचं. दुपारी जेवणं झाली की ती पदर खोचून बसायची आणि तिच्या बोटांचा आवाज आणि खालच्या गल्लीतल्या पीठगिरणीचा आवाज एकात एक मिसळून जायचे. मी त्या आवाजात झोपायचे. हे सगळं काम ती मशीनच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवायची. सी ड्राइव्ह माझा, डिप्लोमाच्या अभ्यासाचा. डी ड्राइव्ह आईचा. घरात कपाटाचे खण वाटलेले असतात तसंच ते होतं आणि कुणी कुणाच्या खणात हात घालत नव्हतं.

आईची काम करायची एक पद्धत होती. ती कोरं पान कधी उघडत नसे. त्याच प्रकारचं जुनं काम उघडायचं, नव्या नावानं जपून ठेवायचं आणि नाव-गाव बदलत जायचं. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं असताना आप्पा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "वैशू, ते दशक्रियेचं काढायला पाहिजे." मी मशीनपाशी बसले, डी उघडला, दशक्रिया नावाचा फोल्डर उघडला, सगळ्यात शेवटचं काम उघडलं. नाव, वार, वेळ, एवढंच बदलायचं होतं. घाट तोच होता. मजकूर आईनंच लिहिलेला होता, कुणा दुसऱ्याच्या बायकोसाठी, आणि तो व्यवस्थित बसला. प्रिंट काढून मी आप्पांना दिली आणि चहा टाकायला गेले. मला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं हे कळत होतं, पण वाटलं नाही.

पुढे कित्येक महिने तसंच चाललं. शेजारणींचे डबे येणं थांबल्यावर मी स्वयंपाक करायला लागले. वरण, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी वांग्याची भाजी. एकदा भाजीत मीठच घालायला विसरले. आप्पा मुकाट्यानं जेवून उठले. मीही तीच भाजी मुकाट्यानं खाल्ली आणि भांडी घासताना कढईला बोट लावून चाटलं तेव्हा मला कळलं. त्यांना कळलं होतं की नव्हतं, देव जाणे. आम्ही बोलत नव्हतो असं नाही. "बस आली का," "डबा भरला का," "नळ आला का" एवढं बोलत होतो. आईचं नाव मात्र घरात निघत नव्हतं.

सीड्या मला चौकातल्या रद्दीवाल्याकडे मिळायच्या. कॉम्प्युटरच्या इंग्रजी मासिकांना तेव्हा सीडी चिकटवलेली असे. लोक मासिक वाचून रद्दीत देत, सीडी तशीच असे. रद्दीवाल्याला वाटायचं मी गाणी ऐकते. पहिली सीडी मी का घातली ते सांगता येत नाही. वर्गात कुणीतरी बोललं होतं इतकंच. पण पहिला प्रश्न पडद्यावर आला, तुमची भाषा निवडा, आणि मला बरं वाटलं. महिनाभर सगळे मला विचारत होते, कशी आहेस, आता पुढं काय, आप्पांचं कसं होणार, आणि एकाही प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. इथे विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. चुकलं तर मागे जाता येत होतं.

आप्पांची दुसरी पाळी असली की ते सकाळभर घरी असत. एका सकाळी ते माझ्या मागे पलंगावर येऊन बसले.

"काय करायलीस?"

"नवीन सिस्टिम बसवतेय."

"परवाच बसवली की."

"ती वेगळी होती."

"मग ही कशाला?"

"बघायला."

"काय बघायलीस त्यात?"

"कशी बसवतात ते."

हे उत्तर त्यांना पटलं. प्रेसवर डाय बदलायची, म्हणजे एक साचा काढून दुसरा बसवायचा, हेच त्यांचं वर्षानुवर्षांचं काम होतं आणि कोण कशी बसवतो हे उभं राहून बघणं त्यांच्या लेखी फुकट वेळ घालवणं नव्हतं. त्या दिवसापासून ते रोज मागे येऊन बसायला लागले. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवायची, ते मत द्यायचे. डेबियन नावाच्या घराण्याचा इन्स्टॉलर निळ्या पडद्यावर पांढऱ्या चौकटी दाखवायचा आणि विचारत सुटायचा. मशीनचं नाव काय, नेटवर्कचं नाव काय, मालकाचा पासवर्ड काय, पुन्हा एकदा सांगा, आता साध्या माणसाचं नाव काय, त्याचाही पासवर्ड सांगा. "हा स्टोअरकीपर आहे," आप्पा म्हणाले. "एक बोल्ट मागितला तरी तीन सह्या घेतो. पण ह्याच्याकडून माल चुकीचा जात नाही." उबुंटूचा इन्स्टॉलर आधी सगळी सिस्टिम उघडून दाखवायचा, हवं तर वापरून बघा म्हणायचा आणि मग पाच-सहा प्रश्नांत उरकायचा. आप्पांना तो आवडला नाही. "गोड बोलतो," म्हणाले, "नजर ठेव." फेडोराचा मधेच थांबून काय काय हवं त्याची भली मोठी यादी समोर धरायचा. माझी तर त्या यादीतच सकाळ जायची. स्लॅकवेअरचा इन्स्टॉलर म्हणजे काळा पडदा आणि त्यावर एक ओळ. डिस्कचे कप्पे तुम्हीच पाडून या, मग बोलू. तो आप्पांना फार आवडला. "येत असंल तर कर, नसंल तर हो बाजूला. आमचा पहिला फोरमन असाच होता."

मी हे सगळं मनातल्या मनात पडताळून बघत होते. कोण किती विचारतो, कोणता प्रश्न आधी, कोणता नंतर, मागे जायचं बटण कुठे ठेवलंय. गाव विचारताना सगळेच जगाचा नकाशा दाखवत आणि आपल्या देशाचा एकच ठिपका असे, कलकत्त्याचा. तो ठिपका दाबून दाबून मला कलकत्ता माझंच गाव वाटायला लागलं होतं. आता मी जिथे काम करते तिथे इन्स्टॉलर कुणाला काही विचारत नाही. सगळी उत्तरं आधीच लिहून ठेवलेली असतात आणि शेकडो मशिनी गप्प बसून स्वतःला बसवून घेतात. नव्या मुलांना मी सांगते की बाबांनो, एकदा तरी हातानं बसवून बघा. ती मान डोलावतात आणि अर्थातच बघत नाहीत.

पण एक प्रश्न असा होता की तो प्रत्येक इन्स्टॉलर विचारायचा आणि सगळ्यांत जास्त फरक तिथेच दिसायचा. सिस्टिम कुठे बसवू? सगळी डिस्क पुसून बसवू का? कुणी हा पर्याय सगळ्यांत वर ठेवायचा आणि त्यावर आधीच खूण केलेली असायची. डोळे झाकून पुढे गेलात तर मशीनमधलं सगळं साफ. कुणी तो खाली ठेवायचा आणि दोनदा विचारायचा. मी कप्प्यांचा तक्ता उघडून माझ्या सीमधल्या तुकड्यावर बोट ठेवायची. पाच क्रमांकाचा मोठा कप्पा डी होता. तिथे पोचलो की आप्पा पलंगावरून पुढे सरकायचे.

"तो मोठा, तो आईचा ना?"

"हो."

"त्याला हात लागत नाही ना?"

"नाही लागत."

"तिचं काय जाऊ द्यायचं नाही, वैशू."

दिवसभरात आईचा उल्लेख व्हायचा तो एवढाच. मला आता वाटतं, आम्ही दोघं त्या प्रश्नापर्यंत पोचण्यासाठीच रोज बसत असू. डीमध्ये आईचं स्वतःचं असं काही नव्हतं. लोकांचे बायोडाटा, लोकांची आमंत्रणं. फोटो तर एकही नव्हता. पण बायका अजून यायच्या. कुणाला मुलीच्या बायोडाटात शिक्षण वाढवून हवं असे, कुणाला मागच्या वर्षीचीच हळदीकुंकवाची पत्रिका नव्या तारखेनं हवी असे. "ताईंनी केलं होतं बघ," म्हणायच्या आणि मी डी उघडून ते काढून द्यायची. आप्पा घरी असले की प्रिंटरचा आवाज ऐकायला आतून बाहेर येऊन उभे राहायचे.

थंडीच्या दिवसांत एका मासिकाच्या सीडीवर मला एक नवा इन्स्टॉलर मिळाला. त्याचं नाव मी इथे घालत नाही, कारण जे झालं त्यात त्याचा काडीचा दोष नव्हता. त्यानं पहिल्याच प्रश्नात भाषांची यादी दाखवली आणि त्या यादीत मराठी होती. आधीच्या काहींतही असेल, मी कधी खाली जाऊन बघितलंच नव्हतं. मी मराठी निवडली. पडदा क्षणभर कोरा झाला आणि मग सगळं मराठीत आलं. स्वागत. पुढे चला. मागे जा. रद्द करा. आप्पा पलंगावरून उठले, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि एकेक शब्द मोठ्यानं वाचायला लागले. पेपर वाचतात तसे.

"कळफलकाचा आराखडा निवडा," त्यांनी वाचलं. "आराखडा काय अन्! पण समजायलंय मला. सगळं समजायलंय की."

त्यांच्या आवाजात असं काही मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. मीच मुद्दाम हळू जात होते. मधेमधे एखादी ओळ इंग्रजीच राहून गेली होती, ती आली की ते माझ्याकडे रागानं बघायचे, जणू मीच ती लपवली. कप्प्यांच्या पानावर आलो तेव्हा मशीन म्हणालं, निवडलेली जागा अपुरी आहे. नवी सिस्टिम मोठी होती आणि माझा सी तुडुंब भरलेला. डी मात्र मोठा होता आणि निम्म्याहून जास्त रिकामा. रिकाम्या भागातला थोडा कापून घ्यायचा, आतलं सामान मशीन स्वतःच एका बाजूला सरकवून घेतं, काही हलत नाही, असं मी वर्गात स्वतः केलेलं होतं. मी मशीनला तसं करायला सांगितलं, आप्पांना सांगायचं राहिलं; मशीननं विचारलं, नक्की ना, मी हो म्हटलं आणि पट्टी सरकायला लागली. तेवढ्यात खालून आक्कांची हाक आली, "वैशे, पाणी आलंय गं! हंडा घिऊन ये, धार बारीक हाय." आमच्याकडे नळ तासभरच यायचा आणि वरच्या मजल्यावर चढायचा नाही. मी हंडा घेऊन खाली गेले.

हंडा भरून वर आले तर पडदा काळा होता. आप्पा भिंतीपाशी उभे होते आणि त्यांचा हात अजून बटणावर होता. मशीनचं नव्हे, भिंतीवरच्या मुख्य बटणावर.

"थांबवलं," ते म्हणाले. धाप लागली होती त्यांना. "आईच्या डीला हात घातला होता त्यानं. पाच नंबर. मी वाचलं ना. कप्पा पाचचा आकार बदलत आहे, हे मागे घेता येणार नाही, असं लिहिलंय सरळ सरळ. तू नव्हतीस. मी थांबवलं."

प्रेसवर काम करणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी जे शिकवतात ते हेच. प्रेसच्या कडेला भलं मोठं लाल बटण असतं. शंका आली की आधी ते दाबायचं, मग विचारायचं. मशीन थांबवलं म्हणून कुणाला मेमो मिळत नाही. न थांबवल्यानं माणसांची बोटं जातात. आप्पांनी नोकरीभर हे पाळलं होतं आणि त्यांच्या शेजारच्या मशीनवरचा एक माणूस त्यामुळे आज दोन्ही हातांनी जेवतो. प्रेस थांबवली की पत्रा जिथल्या तिथे राहतो. कप्पा सरकत असताना वीज गेली तर काय राहतं हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि मला शिकवलेलं होतं.

मी हंडा खाली ठेवला. मशीन चालू केलं. विंडोज कसंबसं उघडलं. डीवर टिचकी मारली. इंग्रजीत एक चौकट आली: हा ड्राइव्ह फॉरमॅट केलेला नाही, आता करायचा का? म्हणजे त्यातलं काहीच मशीनला वाचता येत नव्हतं. खाली दोन बटणं, हो आणि नाही. आप्पा माझ्या खांद्यावरून बघत होते.

"आहे ना सगळं?"

इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. मी त्यांच्याकडे वळून बघितलं. त्यांचा चेहरा घामेजला होता आणि डोळे जागे होते. आई गेल्यापासून मी ते डोळे पहिल्यांदा बघत होते. दवाखान्यात त्यांना काही करता आलं नव्हतं. बाकावर बसून राहावं लागलं होतं, डॉक्टर बोलतील ते ऐकत. आज त्यांनी वेळेवर काहीतरी केलं होतं.

"आहे," मी म्हणाले.

"वाचलं म्हणजे."

"वाचलं."

ते डबा घेऊन बस पकडायला गेले. जिन्यावरून उतरताना आक्कांना सांगत होते ते मला वर ऐकू आलं. "आज पोरीनं तिच्या आईचं सगळं घालवलं असतं बघा, मी होतो म्हणून."

मला राग आला. इतके महिने काही म्हणता काही वाटलं नव्हतं आणि आता आला तर हा असला राग, की तो कुणावर काढायचा तेही कळेना. मी त्या चौकटीतलं नाही दाबलं आणि मशीनसमोर बसून राहिले. पुढचे काही दिवस क्लासमधल्या सरांकडे डिस्क नेली, जे जे करता येतं ते केलं. थोडं निघालं, पण अर्धं आणि विस्कटलेलं. नावं नाहीत, ओळी तुटलेल्या. सर म्हणाले, सोडून दे आता. मी घरी आले आणि आक्कांना सगळं सांगितलं, कारण कुणाला तरी सांगायला हवं होतं.

आक्का लसूण सोलत होत्या. सोलायच्या थांबल्या नाहीत. "त्याला सांगणारेस का?"

"नाही."

"मग आमी बी न्हाई सांगणार. पर बाया येत्यात त्यांना काय काढून देणार तू?"

ते मला सुचलेलंच नव्हतं. आक्कांना सुचलं. आईनं जे जे केलं होतं ते कागदावर लोकांच्या घरी होतंच की. त्यांनी भिशीतल्या बायकांना सांगितलं, त्यांनी आपापल्या ओळखीच्यांना, आणि कागद यायला लागले. प्लास्टिकमध्ये घातलेले बायोडाटा, ज्या मुलींची लग्नं होऊन पोरं शाळेत जायला लागली त्यांचेसुद्धा. पत्रिका, ज्यांच्यावर कुणीतरी हळदीचं बोट पुसलं होतं. लिफ्टशेजारी लावलेल्या आणि टाचण्यांनी भोकं पडलेल्या सोसायट्यांच्या सूचना. काळेवाडीतली एक बाई आपल्या सासूच्या दशक्रियेचा कागद घेऊन आली, देवघरात ठेवला होता म्हणाली. आप्पा कंपनीत गेले की बायका यायच्या आणि आप्पांची बस यायच्या आत जायच्या. सगळ्या गल्लीला माहीत होतं, एकट्या आप्पांना सोडून. मी टाइप करत बसायची. आईसारखं कोरं पान न उघडता करता येत नव्हतं. माझ्याकडे सगळी पानं कोरीच होती.

टाइप करता करता मला आई कळत गेली. आधी मी तिचं काम कधी वाचलंच नव्हतं. कमी शिकलेल्या मुलीच्या बायोडाटात ती शिक्षणाची ओळ खाली नेऊन आवडीनिवडी वर आणायची. अपेक्षा या शब्दापुढे लोकांनी सांगितलेली लांबलचक मागणी ती कापून टाकायची आणि नुसतं समजूतदार एवढंच ठेवायची. आणि सूचनांच्या शेवटी एखादं वाक्य पदरचं घालायची, जे तिला कुणी सांगितलेलं नसायचं. पाणी येणार नाही अशा सूचनेखाली लिहिलेलं, ज्यांच्या घरी बाळंतीण आहे त्यांनी आधी भरून घ्यावे. मला ते वाचून रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी पुढचं पान टाइप करायला घ्यायची. पण भाजीत मीठ पडायला लागलं होतं.

आप्पा तोपर्यंत हा किस्सा सगळ्यांना सांगून मोकळे झाले होते. कंपनीच्या बसमध्ये, गावाकडे फोनवर, लग्नात जेवणाच्या पंगतीत. मला चिडवायला त्यांना कारण मिळालं होतं. "हिला बसवता येतंय, थांबवता येत नाही." ते हसायला लागले होते, जेवताना बोलायला लागले होते, आईचं नाव घ्यायला लागले होते. एकदा मात्र ते मशीनपाशी येऊन बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "अक्षर बदललंय का गं?" आईचा फाँट जुना होता, माझा नवा. मी म्हणाले, नव्या सिस्टिममध्ये असंच दिसतं. त्यांनी मान डोलावली.

आता ते रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. माझ्याकडेच राहतात, रहाटणीला. त्यांच्या खोलीत मी त्यांना एक कॉम्प्युटर दिलाय, सगळा मराठीत. सकाळी चहा झाला की ते आईचा फोल्डर उघडतात आणि रोज एखादं पान वाचतात, मोठ्यानं. मी ऑफिसची तयारी करत असते. त्यांना कधीतरी सांगावं का, हा प्रश्न मी पुष्कळ वर्षं स्वतःला विचारला आणि मग विचारायचं सोडून दिलं.

परवा त्यांनी एका सोसायटीची टाकी धुण्याची सूचना काढली. तो कागद माझ्याकडे आला होता तेव्हा खालून फाटलेला होता, वार आणि वेळ एवढंच शिल्लक होतं. सूचना पुरी करणं भाग होतं म्हणून खालचं मी माझ्या मनानं लिहिलं होतं. आप्पा वाचत होते, "वरच्या मजल्यावर आजी एकट्या राहतात. त्यांना एक कळशी नेऊन द्यावी. त्या स्वतःहून मागणार नाहीत." ते थांबले. मी बॅग खांद्याला लावून दारात उभी होते.

"ऐकलंस का?" ते म्हणाले. "त्या स्वतःहून मागणार नाहीत. हे तुझ्या आईलाच सुचायचं. तुला नसतं जमलं."

"नाही," मी म्हणाले, "मला नसतं जमलं."

त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं, आणि मी तिथेच उभी राहून ऐकलं.